फोटो पाठवण्याआधी रुग्णाला हात लावा

डॉक्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही शाहूवाडी तालुक्यात डोंगराकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतेच रुजू झाला आहात. ओपीडीत रोज खाज, चट्टे, नायटे, पायाच्या भेगा यांचीच गर्दी असते. कोल्हापूरला त्वचारोगतज्ज्ञाकडे जा म्हणून चिठ्ठी दिली तर बहुतेक जण जात नाहीत. आता एक देणगीदार केंद्राला दोन लाख रुपये द्यायला तयार आहेत, तर फोटो पाठवून तज्ज्ञाचा सल्ला घेण्यासाठी कोणता कॅमेरा आणि कोणतं अ‍ॅप घ्यावं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी कोल्हापुरात बावीस वर्षं त्वचारोगांचंच काम करते. २०२० च्या टाळेबंदीत रुग्णांना खाली येता येईना, तेव्हा डोंगराकडच्या दोन केंद्रांतून आलेले फोटो बघायला सुरुवात केली. आठवड्यातून दोन दुपारी ते काम आजही चालू आहे. तुमच्याकडे रेंज किती मिळते, औषधांचा साठा कसा असतो, आशाताई किती जुन्या आहेत, यावर मी सांगते त्यातलं बरंच बदलेल. एक गोष्ट मात्र दोन्ही केंद्रांत सारखीच दिसली, म्हणून ती आधी सांगते. फोटो शहरात पोचवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. काम अडतं ते रुग्णाच्या बाजूला. त्याला हात कोण लावतं, त्याला काय विचारलं जातं, आणि उत्तर आल्यावर औषध त्याच्या हातात पडतं का, इथं सगळं ठरतं. कॅमेऱ्याचं म्हणाल तर तुमच्या खिशातला फोन बहुधा पुरेल.

रुग्ण जात नाहीत असं आपण फार सहज म्हणतो. एकदा हिशोब मांडून बघा. धनगरवाड्यावरची बाई तास-दीड तास चालून रस्त्याला लागणार, तिथून वडापनं मलकापूर नाहीतर बांबवडे, पुढं एसटीनं कोल्हापूर. एकटी येत नाही, सोबत नवरा किंवा मुलगा असतो, म्हणजे दोघांचा रोज बुडाला. जनावरं शेजारणीवर टाकून यायचं. नंबर लागेपर्यंत दुपार होते. तज्ज्ञ दोन मिनिटं बघतो, मलम लिहितो आणि ‘पंधरा दिवसांनी दाखवा’ म्हणतो. खाजेसाठी एवढा खटाटोप माणूस एकदा करतो, दुसऱ्यांदा करत नाही. आणि त्वचेचे बहुतेक आजार दुसऱ्या-तिसऱ्या खेपेशिवाय आटोक्यात येत नाहीत. म्हणून दुरून सल्ल्याचा खरा फायदा मला पहिल्या निदानापेक्षा या पुढच्या खेपांत दिसतो. गरज असेल तर पहिली खेप कोल्हापूरला होऊ द्या. नंतरच्या तीन तुमच्या केंद्रात होऊ शकतात.

औषध हातात पडण्याचं म्हणते ते काय, हे एका घराच्या गोष्टीवरून सांगते. वाडीत फक्त शाळेच्या कठड्याजवळ रेंज येते, म्हणून आशाताईंनी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला होता. सहा वर्षांचा मुलगा. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, मनगटांवर ओरखडे, बेंबीभोवती पिकलेले फोड. खरूज ओळखायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. परमेथ्रिन हे खरजेचं मलम सांगून मी फोन ठेवणार, तेवढ्यात मागून आजी म्हणाली, “म्याडम, एकट्या पोराला न्हाई, समद्यास्नीच खाजतंय. रातच्याला तर झोपच न्हाई.”

घरात माणसं सात. पाच मोठी, दोन लहान. मोठ्या माणसाला मानेपासून तळपायापर्यंत एकदा लावायला साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब लागते, आणि आठवड्यानं पुन्हा लावायचं असतं. लहानांना अर्धी धरली तरी बारा ट्यूब झाल्या. केंद्रात त्या दिवशी तीन होत्या. त्या तीन मुलाला आणि आईला देऊन पाठवल्या असत्या, तर कागदावर निदान बरोबर, उपचार बरोबर, आणि महिन्याभरात मुलगा पुन्हा खाजवत तुमच्या दारात. मग आम्ही मोठ्यांना वजनावर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या द्यायचं ठरवलं, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, आठवड्याच्या अंतरानं दोनदा. सून गरोदर होती, तिला आणि पंधरा किलोंच्या आतल्या धाकट्याला त्या गोळ्या चालत नाहीत. म्हणून ट्यूब आधी त्या दोघांना आणि या मुलाला. कमी पडणाऱ्या ट्यूब तुमच्यासारख्याच एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यानं दुसऱ्या दिवशी मिळवून पोचवल्या. सगळ्यांनी एकाच रात्री औषध घ्यायचं, हे आजीला तीनदा सांगितलं. कपडे गरम पाण्यातून काढून उन्हात टाकायचे. वाकळा धुणं शक्य नव्हतं, म्हणून त्या पोत्यात बांधून चार दिवस बाजूला ठेवायला सांगितल्या. अंगावरून खाली पडलेला खरजेचा किडा त्यापेक्षा जास्त दिवस सहसा तगत नाही.

त्याच वेळी आणखी एक वाक्य बोललं पाहिजे, ते फोटोखालच्या उत्तरात कधीच नीट पोचत नाही. किडा मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहते. हे सांगितलं नाही तर माणसं औषध लागू पडलं नाही असं समजून रोज परमेथ्रिन चोळतात, कातडी भाजल्यासारखी होते आणि आपण त्यालाच खरूज परत आली असं समजतो. आणि पिकलेले फोड असतील तर पुढच्या सहा आठवड्यांत पोराच्या तोंडावर सूज येते का, लघवी लालसर होते का, याकडे लक्ष ठेवायला आईला सांगा. फोडांतल्या जंतूंमुळे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. आठव्या दिवशी आशाताई त्या घरी जाऊन आल्या, आणि सगळ्यांचं दुसऱ्या वेळचं औषध वेळेवर झालं. ते घर मोकळं झालं याचं निम्म्याहून अधिक श्रेय मी त्या आठव्या दिवसाच्या फेरीला देते.

आता हात लावण्याबद्दल. ही गोष्ट माझ्या चुकीची आहे आणि ती मी नव्या प्रत्येक डॉक्टरला सांगते. दहा वर्षांच्या मुलीच्या दंडावरच्या फिकट चट्ट्याचा फोटो आला होता. फोटो उत्तम होता, उजेड नीट, फोकस नीट. कडा पुसट, वरून किंचित कोरडेपणा. मुलांना असे निरुपद्रवी फिकट डाग नेहमी येतात, बहुतेकदा गालावर, कधी दंडावर. मी तेच लिहिलं आणि साधं मॉइश्चरायझर सांगितलं. पाच महिन्यांनी तिथं नव्यानं आलेल्या आरोग्यसेविकेनं तो चट्टा पुन्हा दाखवला. वाढला होता. या वेळी तिनं मला व्हिडिओवर घेतलं आणि स्वतःहून संवेदना तपासायला लागली.

तिनं आधी मुलीला डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर बॉलपेनचं टोक अलगद टेकवून दाखवलं, “असं लागलं की तिथं बोट ठेवायचं.” मग डोळे मिटायला सांगितले. मनगटाजवळ टेकवलं, मुलीनं बरोबर बोट ठेवलं. कोपराजवळ टेकवलं, बरोबर. मग चट्ट्याच्या मधोमध टेकवलं. मुलगी डोळे मिटून तशीच थांबली. थोड्या वेळानं म्हणाली, “लावा की ताई.” पेन लावलेलंच होतं.

कुष्ठरोग होता. नशिबानं नसेला इजा झाली नव्हती. एमडीटीचं, म्हणजे अनेक औषधं एकत्र असलेल्या उपचाराचं, पाकीट केंद्रातूनच मोफत मिळालं. प्रकारानुसार ते सहा किंवा बारा महिने चालतं, आणि आता ती मुलगी बरी आहे. पण पाच महिने मी घालवले, हे मी विसरत नाही. फोटोत रंग दिसतो, कड दिसते, खपली दिसते. संवेदना दिसत नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशातलं कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं, आणि तेव्हापासून हा रोग संपलाच असं डॉक्टरांनाही वाटू लागलं आहे. तो संपलेला नाही. त्या दिवसापासून माझा नियम आहे: फिकट किंवा तांबूस चट्ट्याच्या फोटोबरोबर संवेदना तपासल्याची नोंद नसेल, तर मी निदान लिहीतच नाही. सोबत नसाही चाचपायला हव्यात. कोपराच्या आतल्या बाजूची, गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाची, आणि कानाखालून मानेवर जाणारी. नस जाड लागते का, दाबल्यावर दुखते का, करंगळी नीट बाजूला नेता येते का, डोळे घट्ट मिटतात का. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात संवेदना शाबूत असू शकते, आणि लहान मूल आपल्याला बरं वाटावं म्हणून अंदाजानंही बोट ठेवतं, म्हणून घाई न करता दोन-तीनदा करा. हे सगळं तुमच्या केंद्रातच करता येतं, आणि दुसरीकडे कुठंही ते तितकं चांगलं होणार नाही. तुम्ही आणि तुमच्या सेविका त्या रुग्णासमोर आहात, मी नाही.

नायट्याचंही असंच, फक्त तिथं प्रश्न विचारायचा असतो. आज गजकर्ण पूर्वीसारखं साधं राहिलेलं नाही. मेडिकलमधून घेतलेल्या ट्यूबमध्ये क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड, एक-दोन अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं सगळं एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशी पसरत राहते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी प्रत्येक घरात अशी एक अर्धी दाबलेली ट्यूब सापडतेच, आणि तीच घरभर फिरते. अशी ट्यूब लावलेल्या गजकर्णाची कड पुसली जाते, पुस्तकातलं गोल कडं दिसतच नाही, आणि चांगला तज्ज्ञही फोटो बघून इसब म्हणून मोकळा होतो. म्हणून मला चट्ट्याच्या फोटोइतकाच महत्त्वाचा वाटतो तो घरातल्या सगळ्या ट्यूबांचा आणि गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो. “काय लावलं?” विचारलं तर “काय न्हाई” असंच उत्तर येतं. “घरातली ट्यूब घेऊन या” म्हटलं की पिशवीतून चार निघतात.

त्यातच आपल्याकडची बुरशी टर्बिनाफाइन या नेहमीच्या औषधाला दाद देईनाशी झाली आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनिए असं जिचं नाव २०२० मध्ये ठरलं, ती बहुतेक ठिकाणी पसरली आहे आणि तिच्यात या औषधाला तोंड देणारे जनुकीय बदल सापडतात. उपचार लांबतो, इट्राकोनॅझोल लागतं, घरातल्या सगळ्यांना तपासावं लागतं. शंका असेल तर कडेची खपली बोथट पात्यानं खरवडून काळ्या कागदाच्या घडीत घाला आणि ती पुडी जवळच्या प्रयोगशाळेत पाठवा. कोरडी खपली कागदात टिकते. आणि तुमच्याकडच्या पावसात कपडे आठवडाभर वाळत नाहीत, हे औषधाच्या चिठ्ठीइतकंच लक्षात घ्या. ओली चड्डी आणि ओलसर जीन्स घालून शेतात जाणाऱ्या पोराला गोळ्यांनी कायमचं बरं करता येत नाही. आतले कपडे तरी चुलीच्या उबेला वाळवून घाला, असं मी सांगते.

फोटो कसा काढायचा याबद्दल आता. पुढचं सगळं मी चुकीचे फोटो बघून शिकले.

आधी लेन्स पुसा. घामट खिशात राहिलेल्या फोनच्या लेन्सवर तेलकट साय असते आणि प्रत्येक फोटो धुक्यातला दिसतो. फोनमधला ब्यूटी मोड बंद करा. तो कातडी गुळगुळीत करतो आणि नेमकी जी बारीक खपली मला बघायची असते तीच पुसून टाकतो. हळद, तेल, चुना, झाडपाल्याचा लेप, नखावरची मेंदी किंवा पॉलिश, जे असेल ते शक्य तेवढं काढा. दारात किंवा व्हरांड्यात, सावलीतल्या उजेडात उभं करा, फ्लॅश नको. फोन कातडीला चिकटवू नका. वीतभर अंतर ठेवा आणि थोडं झूम करा, म्हणजे फोकसही बसतो आणि फोनची सावलीही पडत नाही. मागं साधा निळा कपडा धरा. शेजारी मोजपट्टी ठेवा, नाहीतर एक रुपयाचं नाणं.

पण यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे लांबून काढलेला फोटो. सगळे जण जवळून एकच फोटो काढतात आणि त्यात फक्त ‘इसब’ दिसतं, जे मला न बघताही सांगता आलं असतं. निदान बहुतेक वेळा आजार अंगावर कुठं कुठं पसरला आहे यात असतं. पापण्या, मानेच्या वळ्या, कोपरांचे खळगे काळवंडले आहेत आणि सदऱ्याखालची पाठ स्वच्छ आहे, तर मी गाजर गवताच्या ॲलर्जीचा विचार करते. १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेत आलेलं हे गवत आता प्रत्येक बांधावर आहे. दोन्ही पावलांच्या पाठीवर पट्ट्यांच्या आकारात काळे, खाजरे डाग असतील तर आधी पायातलं चप्पल बघायला मागते. चामडं कमावायला वापरलेल्या क्रोमियमची किंवा चिकटवायच्या द्रवाची ॲलर्जी असू शकते. एका गुडघ्याच्या भोवती ओघळ आल्यासारखे फोड आणि काळा डाग असेल तर आधी विचारा, बिब्बा लावला होता का. यातला एकही प्रकार जवळच्या फोटोवरून सुटत नाही. म्हणून तीन फोटो: संपूर्ण भाग दिसेल असा, मधल्या अंतरावरून, आणि जवळून. दोन्ही बाजूंचे हात, दोन्ही पाय, अगदी एकीकडेच काही असलं तरीही.

आपल्या रंगाच्या कातडीवर लाली लाल दिसत नाही. ती जांभळट, तपकिरी किंवा नुसतीच गडद दिसते, आणि फोन स्वतःच्या मनानं रंग बदलतो ते वेगळंच. म्हणून सेविकेनं लिहून पाठवावं, “हाताला गरम लागतं”, “दाबल्यावर फिकं पडतं”, “कडक लागतं”. ही तीन-चार शब्दांची टिपण मला फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडते.

व्हिडिओ की फोटो, हाही प्रश्न पडेल. त्वचेसाठी आधी फोटो आणि टिपण पाठवून ठेवायचं, मग पाच मिनिटं बोलायचं, ही पद्धत मला सर्वात बरी वाटते. तुमच्या रेंजवर चालत्या व्हिडिओत पुरळ म्हणजे नुसते चौकोन दिसतात. बोलणं मात्र टाळू नका. रुग्णाच्या मनातली भीती फोटोत येत नाही. पांढऱ्या डागांची मुलगी असते आणि आईला फक्त एकच विचारायचं असतं, हे कोड आहे का आणि लग्नाचं काय. अशा वेळी समोरून माणसाचा आवाज यायला हवा.

अ‍ॅपवर पैसे घालवू नका. ई-संजीवनी ही दुरून सल्ल्याची सरकारी सेवा आहेच. केंद्रातून तज्ज्ञाशी बोलायची सोय त्यात २०१९ पासून आहे, सल्ल्याची चिठ्ठी निघते, नोंद राहते. व्हॉट्सअ‍ॅप सोपं आहे हे मलाही कळतं. वापरावंच लागलं तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन तपशील जातो. पण रुग्णांचे फोटो पंधरा जणांच्या गटात टाकू नका, आणि खासगी फोनच्या गॅलरीत ठेवू नका. तिथून ते आपोआप कुठल्या तरी खात्यात साठत राहतात, आणि घरातली पोरं तोच फोन खेळायला घेतात. केंद्राचा वेगळा फोन असावा, कुलूप असावं, आणि नोंद झाली की फोटो पुसावा. चेहरा लागत नसेल तर चेहरा घेऊ नका. बाई रुग्णाचा जांघेतला किंवा छातीचा फोटो बाईनंच काढावा, दार लावून, आणि पाठवण्याआधी तो त्या रुग्ण बाईला दाखवावा. आमच्या एका सेविकेनं ही सवय लावली आणि तेव्हापासून बायका स्वतःहून दाखवायला लागल्या, नाहीतर वर्षानुवर्षं अंगावर काढतात.

कायद्याचं थोडक्यात सांगते. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. रुग्णानं स्वतः संपर्क केला तर त्याची संमती गृहीत धरतात, पण आरोग्य कर्मचाऱ्यानं किंवा डॉक्टरनं सुरुवात केली असेल तर स्पष्ट संमती घेऊन नोंदवावी लागते. तुमच्याकडे दुसराच प्रकार असणार. मराठीत चार ओळी लिहून ठेवा आणि वाचून दाखवा. तुम्ही तज्ज्ञाचा सल्ला घेतलात तरी त्या रुग्णाचे उपचार करणारे डॉक्टर तुम्हीच राहता आणि जबाबदारीही तुमचीच. म्हणजे मी लिहिलेलं तुम्हाला पटलं नाही तर ते न देण्याचा अधिकारही तुमचा आहे, आणि तो वापरा. माझी सगळ्यात चांगली उत्तरं “मॅडम, मला हे तसं वाटत नाही” असं म्हणणाऱ्या डॉक्टरांमुळे सुधारली आहेत.

काही रुग्णांचा फोटो काढत बसू नका, गाडी बोलवा. नवं औषध सुरू झाल्यावर ताप, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा आणि कातडी दुखून सुटायला लागली, तर तो कार्बामाझेपीन, फेनिटॉइन, ॲलोप्युरिनॉल, कोट्रायमोक्साझोल यांपैकी काही घेत होता का विचारा, ते बंद करा आणि ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवा. सर्वांग लाल होऊन सोलतंय, थंडी वाजतेय. पाय सुजलाय आणि दिसतो त्याच्या मानानं वेदना फार जास्त आहेत. तान्ह्या बाळाला फोड आलेत. कुष्ठरोगाच्या रुग्णाची नस एकाएकी दुखायला लागली किंवा हाताचा जोर गेला. तळपायावर किंवा नखाखाली नवा काळा डाग वाढतोय. यातल्या शेवटच्या रुग्णाला एक-दोन दिवस मिळतात, बाकीच्यांना नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण हंगाम जवळ आला की कामाला येईल म्हणून सांगते. ऊसतोडीला आलेली बीडकडची कुटुंबं फडाशेजारच्या कोप्यांत राहतात, ऊसाच्या पानानं हात-तोंड चिरलेलं असतं, खरूज असते, आणि मार्च-एप्रिलात ती निघून जातात. त्यांचं औषध अर्ध्यावर सुटतं. तुमची चिठ्ठी आणि फोटो त्यांच्याच फोनमध्ये ठेवून द्या. गेल्या वर्षी कुष्ठरोगाचं औषध चालू असलेल्या एका मजुराचं पुढचं पाकीट त्याच्या गावच्या केंद्रातून मिळालं, ते त्या चिठ्ठीमुळे आणि तुमच्यासारख्याच एका वैद्यकीय अधिकाऱ्यानं केलेल्या दोन फोनमुळे. आजरा-चंदगडकडे काजू फोडणाऱ्या बायकांचे हात मी असेच फोटोवरून बघते. टरफलातल्या चिकानं बोटांची टोकं काळी पडून सोलतात. तिथं मलमापेक्षा हातमोजे आणि कामाआधी एरंडेल लावणं जास्त उपयोगी पडतं, आणि ते सांगायला कोल्हापूरला बोलवायची गरज नसते.

आता दोन लाखांचं. पैसे रुग्ण कल्याण समितीच्या खात्यातून घ्या, हिशोब स्वच्छ राहतो. वीस-पंचवीस हजारांचा एक फोन, एक निळा कपडा, दोन मोजपट्ट्या. डर्मोस्कोप, म्हणजे कातडीवर टेकवून दहापट मोठं दाखवणारं भिंग, पहिल्या वर्षी घेऊ नका. खरजेच्या बिळाच्या टोकाशी किड्याचा तपकिरी त्रिकोण त्यात छान दिसतो, पण बघायची नजर तयार व्हायला वेळ लागतो, आणि तोवर ते कपाटात पडून राहतं. उरलेल्या पैशातला मोठा भाग औषधांसाठी ठेवा, जी साठ्यातून ऐन वेळी संपतात: परमेथ्रिन, पांढरं पॅराफिन, भेगांसाठी आणि कोरड्या इसबासाठी साधं मलम. आणि एक भाग गाडीभाड्यासाठी. ज्याला खरंच कोल्हापूरला जायलाच हवं त्याच्या हातात दोघांचं जाण्या-येण्याचं भाडं ठेवा. देणगीदाराला यंत्राचा फोटो हवा असतो हे मला माहीत आहे. त्यांना त्या सात जणांच्या घराचा हिशोब सांगा, ते समजतील.

तज्ज्ञ निवडताना मोठं नाव बघू नका. ठरलेल्या वेळी उत्तर देणारा बघा. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर रुग्ण मेडिकलमधून ट्यूब घेतोच. तुमच्या गावच्या आठवडी बाजाराचा दिवस त्वचेसाठी ठरवा. त्या दिवशी माणसं तशीही डोंगरावरून खाली येतात, वेगळा रोज बुडत नाही.

पहिल्या दिवशी पाचच रुग्ण घ्या. एक वही करा. नाव, वाडी, काय सांगितलं, काय दिलं, आणि शेवटचा रकाना ‘आठव्या दिवशी घरी कोण जाणार’. पाचही जणांसमोर त्या रकान्यात कुणा ना कुणा ताईचं नाव लिहून झालं, की पहिला फोटो पाठवा.